नेच्याच्या पाठीवरचे ठिपके

सासरे गेल्यानंतर वर्षभर सासूबाई गावी एकट्याच राहिल्या. मग एकदा अंगणात पाय घसरून पडल्या, मनगटाचं हाड मोडलं, आणि आम्ही त्यांना तळेगावजवळ वराळ्याला आमच्याकडे घेऊन आलो. हाड जुळलं, पण आता परत एकटीनं गावी राहायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. सगळ्यांनी म्हणजे त्या सोडून सगळ्यांनी.

आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. बाल्कनी उत्तरेला, आणि समोर हाकेच्या अंतरावर दुसरी इमारत. जन्मभर भात लावणारी, भुईमूग उपटणारी बाई त्या बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे बघायची. त्यांनी मिरची लावली. रोपं उन्हाच्या शोधात लांबच लांब वाढली, फिकी पडली आणि आडवी झाली. कोथिंबिरीचं तेच झालं. वांग्याला दोन पानं आली आणि ते तिथंच थांबलं. रिकाम्या कुंड्या एकात एक घालून त्यांनी कोपऱ्यात ठेवल्या आणि म्हणाल्या, "हितं माती बी उपाशी मरंल."

त्या दिवसापासून त्यांचं बोलणं कमी झालं. सकाळी बुद्धवंदना म्हणायच्या, चहा घ्यायच्या, खुर्चीत बसायच्या. मी कामावरून आले की विचारायच्या, "आज काय झालं गं?" त्यांच्या दिवसात काही झालेलं नसायचं, म्हणून माझ्या दिवसातलं त्यांना हवं असायचं.

मी तळेगावजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. गाडीच्या ब्रेकमध्ये बसणारे छोटे छोटे पार्ट दिवसभर भिंगाखाली धरायचे, ड्रॉइंगशी ताडून बघायचे आणि डाग, तडा, ओरखडा दिसला की लाल पेटीत टाकायचे. सोळा वर्षं हेच करतेय. सासूबाईंना हे काम समजायला वेळ लागला नाही. "म्हंजी धान्य निवडतीस," म्हणाल्या. मला वाटतं, माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन आजवर कुणी केलेलं नाही.

लोणावळ्याजवळ वलवणला नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा होता. तो आटपून आम्ही दोघी रिक्षा शोधत रस्त्यानं चालत निघालो, तेव्हा एका वळणावर हिरवी जाळी बांधलेली नर्सरी दिसली. सासूबाई आपोआप आत वळल्या. आत साठीच्या पुढच्या एक मावशी गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून पाइपनं पाणी मारत होत्या.

"काय पायजे, अक्का?"

"काय बी. पर जगलं पायजे."

"ऊन किती येतं?"

"येतच न्हाई."

मावशींनी पाइप खाली टाकला आणि आतल्या सावलीतून दोन कुंड्या आणल्या. शिडीसारखी लांब, हिरवीगार, खाली झुकलेली पानं. "नेचा न्या. ह्याला ऊन नगंच. सावली आन् वल, बास."

सासूबाईंनी हात लावून पाहिलं. "फूल येतं का?"

"न्हाई."

"फळ?"

"त्ये बी न्हाई."

"मंग ह्यो वाढवायचा तरी कशापायी?"

"बगायला," मावशी म्हणाल्या, आणि दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून तिकडे गेल्या.

नुसतं बघायला झाड ही कल्पना सासूबाईंना काही पटलेली नव्हती. पण कुंड्या घरी आल्या, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी मला बाल्कनीतून हाक आली. "अगं ये, हिकडं गोगलगाय बसलीया."

गोगलगाय नव्हती. कुंडीच्या मधोमध मातीतून एक गुंडाळी वर आली होती, रुपयाच्या नाण्याहून लहान, आत आत वळत गेलेली, वर तपकिरी लव. मांजराच्या पिल्लाच्या कानामागे असते तशी. पुढचे आठ-दहा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. ती गुंडाळी रोज थोडी उलगडायची. बुडापासून सुरुवात, शेंडा सगळ्यात शेवटी. आणि जसजशी मोठी गुंडाळी सुटायची तसतशी दोन्ही अंगांनी बारीक बारीक पानं बाहेर यायची, घडी घालून ठेवलेली असावीत तशी. सासूबाईंनी तिला चकली नाव दिलं. भिंतीवर पेन्सिलीनं खुणा सुरू झाल्या. मी कामावरून आले की आता त्याच सांगायच्या, "आज चार बोटं वाढली. शेंड्याला आजून दीड येढा हाय."

नवरा भिंतीवरच्या खुणा बघून म्हणाला, "आई, माझी उंची कधी मोजली होतीस का गं अशी?"

"तू रोज येवडा वाढत नव्हतास," त्या म्हणाल्या.

पावसाळा सरत आला तेव्हा दोन्ही कुंड्या भरून गेल्या होत्या. आणि मग एका सुट्टीच्या दिवशी सासूबाईंनी एक पान उलटं केलं आणि कपाळाला हात लावला.

"तांबेरा!"

पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपकेच ठिपके होते. एक पान नाही, जवळपास सगळी मोठी पानं. सासूबाई एकेक पान उलटत गेल्या. "भुईमुगावर आसाच येतो. खालच्या अंगानं. वरून पान हिरवं दिसतं आन् खालनं पोखरलेलं आसतं. एका साली आमचं आख्खं रान गेलतं."

मी माझं भिंग आणलं. दहा पट मोठं दाखवणारं, माझं स्वतःचं, पर्समध्ये कायम असतं. पान उजेडात धरलं. आता मला कबूल करायला लाज वाटते, पण जे दिसलं ते मी नीट पाहिलं होतं. ठिपके सगळे एकाच मापाचे होते. प्रत्येक छोट्या पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक ओळ, काठाला समांतर, दोन ठिपक्यांमधलं अंतर सारखं. माझ्या मनात येऊनही गेलं, किती नेमकं अंतर आहे! आणि तरी मी म्हणाले, "हो आई, डागच आहेत." सोळा वर्षांची सवय. पार्टवर ड्रॉइंगमध्ये नसलेली खूण दिसली की तो दोष. या पार्टचं ड्रॉइंगच मी कधी पाहिलेलं नव्हतं, हे काही लक्षात आलं नाही.

मग एका शेतकऱ्याचा अनुभव आणि एका क्वालिटीवालीची नजर एकत्र आल्यावर जे व्हायचं ते झालं. सासूबाईंनी विळीवर सात मोठी पानं कापली. उरलेल्या पानांची पाठ मी साबणाच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून घासून काढली. दोन तास लागले. बरेच ठिपके निघाले, काही पानंही फाटली. वर कडुलिंबाचं तेल फवारलं. संध्याकाळी झाडं अशी दिसत होती, की जणू त्यांच्यावर खरंच काही रोग येऊन गेला असावा.

दीड महिन्यानं नव्या पानांवर पुन्हा ठिपके. पुन्हा तितकेच नेमके.

"आपल्याला रोगट रोप दिलं तिनं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. हे ऐकून मला खरं तर बरंच वाटलं, किती तरी महिन्यांनी त्या इतक्या तावातावानं काही बोलत होत्या. "चल वलवणला. पुरावा घे संगट."

पुरावा म्हणून ठिपक्यांची चार पानं कापून वर्तमानपत्रात गुंडाळली, एक कुंडी पिशवीत घेतली, आणि पुढच्या सुट्टीला तळेगाव स्टेशनवरून आम्ही लोणावळ्याला गेलो. वाटेत सासूबाई काय काय बोलायचं ते पाठ करत होत्या.

नर्सरीत पोचल्यावर त्यांनी नमस्कारही न करता कुंडी मावशींपुढे ठेवली. "ह्यो बगा तुमचा नेचा. तांबेऱ्यानं भरलाय. एकदा कापला, घासला, तरी परत आला."

"घासला?" मावशींनी विचारलं.

"टूथब्रशनं," मी म्हणाले. "साबण लावून."

मावशींनी पान उलटं केलं. एकदा पानाकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. मग पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. खांदे गदगदत होते. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू गोंधळात बदलत गेला.

"आवं अक्का," मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "भरलेलं कणीस रोग म्हणून कुणी घासून काडतं व्हय? ह्ये बी हाय ह्याचं. बी!"

"पानाच्या पाठीवर बी?"

"ह्याला फूल न्हाई, फळ न्हाई, मंग बी ठेवणार कुटं? पाठीवर बांधून फिरतंय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंगाकडे पाहिलं.

मग मावशींनी आम्हाला आत नेलं. त्यांना हे सगळं कसं माहीत, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, पूर्वी पुण्याच्या एका कॉलेजातल्या बाई दर पावसाळ्यात नेचे गोळा करायला इकडे यायच्या, आणि कडेकपारीत वाट दाखवायला, पिशवी धरायला यांना बरोबर न्यायच्या. "धा-बारा वर्सं हिंडलो दोगी. त्या बोलायच्या, मी आयकायची. लिवता येत न्हाई, पर आयकलेलं जात न्हाई डोक्यातनं."

पहिली गोष्ट त्यांनी विचारली ती अशी, "ह्या कुंडीत पानं किती?"

मी एका दांड्यावरची मोजायला लागले. तीस झाली, चाळीस झाली.

"चुकलं. ह्ये सगळं मिळून एक पान." त्यांनी बुडापासून शेंड्यापर्यंत बोट फिरवलं. "बारकी बारकी दिसत्यात ती पानं न्हाईत, एकाच पानाच्या फाका. बाई त्यांना पर्णिका म्हणायच्या."

मला पटेना. मधला दांडा फांदीसारखा दिसतो, त्याला दोन्हीकडे पानं दिसतात. पण सासूबाई खाली वाकल्या आणि प्रत्येक पर्णिकेच्या बगलेत नखानं चाचपू लागल्या. "डोळा न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. मग मला समजावत म्हणाल्या, "मिरचीचं पान बग, त्याच्या बगलेत डोळा आसतो. तितनं फुटवा येतो. हितं कुटंच न्हाई. खरंच गं, ह्ये एकच पान हाय."

मावशींनी त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. "अक्का, त्या बाईंनी मला हेच दाखवलं व्हतं. तुमास्नी न सांगता कळलं."

"मंग खोड कुटं?"

मावशींनी कुंडी आडवी करून माती मोकळी केली. खोड मातीतच होतं, आखूड, तपकिरी पापुद्र्यांनी झाकलेलं, आणि मुळं केसांसारखी. झाडाचा जो भाग आपण झाड म्हणून कौतुकानं बघत होतो, तो सगळा नुसता पानांचा होता.

मागच्या बाजूला पाणी पाझरणाऱ्या दगडी भिंतीवर त्यांनी बाकीचे नेचे दाखवले. एकाच्या पाठीवर ठिपक्यांऐवजी आडव्या रेघा. हंसराज नावाच्या दुसऱ्या नेच्याचा दांडा काळा, चकचकीत, तारेसारखा, आणि त्याच्या पर्णिकेची कड आत मुडपलेली. मावशींनी नखानं ती कड उघडली, तर आत बी लपवलेलं. साडीच्या काठाला दुमड घालून आत काही शिवून टाकावं तसं. "बाई म्हणायच्या, माणूस तोंडावरनं वळखावा आन् नेचा पाठीवरनं."

मी त्या दिवशी भिंग डोळ्यापासून खाली घेतलंच नाही.

निघायच्या वेळी सासूबाईंनी आमचा पुरावा टाकून द्यायला पुडी उघडली आणि मावशी ओरडल्या, "थांबा, हलवू नगा!" वर्तमानपत्रावर पानांचा तपकिरी ठसा उमटला होता. बारीक पूड, पानाच्याच आकारात ओळीनं सांडलेली. मावशींनी कागदाची घडी घालून तो सासूबाईंच्या हातात दिला. "ह्यात किती नेचं हायत त्ये मोजता बी यायचं न्हाई. पेरा."

पेरायचं कसं, तेही सांगितलं. विटेचा तुकडा उकळत्या पाण्यात टाकून काढायचा, झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवायचा, खाली थोडं पाणी, वरून ही पूड, आणि झाकण लावून सावलीत.

घरी आल्यावर सासूबाईंनी पेढ्यांच्या प्लास्टिकच्या डब्यात पेरणी केली. मी त्यांना इतकं गंभीर कधी पाहिलं नव्हतं. चिमटीत पूड घेऊन शेतात फेकतात तसा हात फिरवला, तीन इंच विटेवर. "वरनं माती न्हाई टाकायची?" तीनदा विचारलं. उघड्यावर टाकलेलं बी त्यांच्या मनाला झेपत नव्हतं.

त्यानंतरच्या सुट्टीला दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, जिथं थोडं ऊन येतं, तिथं एक ठिपक्यांचं पान भिंगाखाली धरलं. प्रत्येक ठिपक्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचं एक पातळ झाकण होतं, आणि त्याच्या काठाखालून मोहरीहून किती तरी बारीक मण्यांचा घोस डोकावत होता. प्रत्येक मण्याच्या पाठीवर एक जाड कडा होती, अर्ध्या बांगडीसारखी. उन्हाची ऊब लागली तशी एक कडा हळूहळू मागे वाकायला लागली. मणी उघडला. कडा आणखी मागे गेली, आणि अचानक सटकन पुढे आली. मणी रिकामा.

मी किंचाळलेच. सासूबाई धावत आल्या, त्यांना भिंग दिलं. त्यांनी ते पानावर धरलं. "अगं, उडालं! ही गोफण हाय गं. पाखरं हाकलायची गोफण!" त्या दुपारी वरण करपलं. आम्ही दोघी आळीपाळीनं गोफणी बघत होतो, आणि नवरा जेवायला ताट घेऊन मागे उभा होता.

महिना उलटून गेला तरी विटेवर काही नव्हतं. मग हिरवट झाक आली. एका सकाळी नवऱ्यानं डबा उचलला आणि म्हणाला, "या विटेला शेवाळ धरलंय, घासून देऊ का?" सासूबाई ज्या वेगानं उठल्या, त्यावरून त्यांचं मनगट कधी मोडलं होतं यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

ते शेवाळ नव्हतं. भिंगातून बघितलं तर पिटुकल्या हिरव्या पाकळ्या, आणि थोड्या दिवसांनी त्या पाकळ्यांना बदामाचा आकार आला. पत्त्यांतला बदाम, करंगळीच्या नखाहून लहान, विटेला चिकटलेला. मी मावशींना फोन लावला. त्या म्हणाल्या, हा नेचा नव्हे, नेच्याच्या आधीची पायरी आहे. आता वरून पाण्याचे थेंब शिंपडा. बदामाच्या पोटाखाली नर-मादी दोन्ही असतात आणि त्यांची गाठ पडायला पाणी लागतं. सासूबाई फोनला कान लावून होत्या. "पाण्यातनं वरात," म्हणाल्या, आणि रोज सकाळी वंदना झाली की बोटांनी थेंब शिंपडू लागल्या.

बदामाच्या खाचेतून पहिलं पान आलं तेव्हा आम्हाला वाटलं, तणच उगवलं. शिडी नाही, पर्णिका नाहीत, नुसता दोन लाडू जोडल्यासारखा हिरवा तुकडा. मावशी फोनवर म्हणाल्या, "दुधाचं दात समजा. मागनं खरं येत्यात." आणि आले. तिसरं-चौथं पान निघालं ते बारीकशी चकली होऊनच. सासूबाईंनी भिंग मागितलं नाही. त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसली.

त्या वर्षी सव्वीस रोपं जगली. चहाच्या कपांत, दह्याच्या डब्यांत, कापलेल्या बाटल्यांत. इमारतीतल्या बायका रोप मागायला यायच्या आणि सासूबाई आधी विचारायच्या, "ऊन येतं का? येत आसलं तर न्हाई देनार." ज्या उन्हासाठी त्या झुरत होत्या, ते आता दुसऱ्याच्या घरात असणं हा दोष ठरला. कुणाकडे चहाला गेल्या तर सरळ कुंडीतलं पान उलटं करून बघायच्या. वलवणच्या त्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा आम्ही आहेर द्यायला स्टेजवर चढलो. सासूबाईंनी नवरीच्या हातातला पुष्पगुच्छ काढून घेतला, पालथा केला, फुलांमागचं नेच्याचं पान बोटांनी चाचपलं आणि समाधानानं म्हणाल्या, "भरलंय." फोटोग्राफरनं तोही फोटो काढला. अल्बममध्ये आहे.

मावशींकडे दहा रोपं घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी ती एकेक उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "अक्का, माजं गुडघं आता काम करत न्हाईत. तुमचा हात चांगला हाय. येत जावा की." सासूबाईंनी तिथल्या तिथं हो म्हटलं. मला विचारलं नाही, मुलाला विचारलं नाही. आता दर गुरुवारी त्या तळेगावहून लोणावळ्याला एकट्या जातात, रोपं वेगळी करतात, माती कालवतात, भाकरी तिथंच खातात आणि संध्याकाळी परत येतात. सुरुवातीला मी तासातासानं फोन करायचे. त्या उचलायच्याच नाहीत, हात मातीत असायचे.

मागच्या पावसाळ्यात माझी सुट्टी नेमकी गुरुवारी आली, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. पाऊस थांबला होता. नर्सरीच्या मागच्या चढावर, दगडांच्या फटींत, पाठीवर पांढरी पूड असलेला चांदीचा नेचा उगवतो. मावशींनी एक पान तोडलं, सासूबाईंची बाही वर सरकवली, पान पालथं घालून दंडावर दाबलं आणि उचललं. सावळ्या दंडावर पांढराशुभ्र नेचा उमटला, एकेका पर्णिकेसकट.

सासूबाईंनी दंड उजेडात धरून पाहिला. मग त्यांनीही एक पान तोडलं आणि मावशींचा हात ओढून घेतला. मी पर्समधून मोबाइल काढेपर्यंत दोघींचे हात मनगटापर्यंत भरले होते, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

"ये हिकडं," सासूबाई म्हणाल्या. "बाही वर घे."